पहाटे चारला गळ टाकून मासा लागत नाही, कारण…

उन्हाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गळवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच राहतं: उन्हात मासा गारव्याला तळाशी जातो, म्हणून पहाटे चारला जड शिसं लावून खोल पाण्यात टाका, आधी किलो-दोन किलो चारा ओता, आमिष जितकं उग्र वासाचं तितकं चांगलं, आणि ट्राउटला लावतात ती नकली माशी (गळावर धागे-पिसं बांधून केलेला खोटा कीटक) इथेही चालते.

यातला बराचसा सल्ला थंड पाण्यातल्या माशाचा आहे. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउट कासावीस होतो आणि गार थर शोधत खाली जातो. आपल्या तलावांचं पाणी मे महिन्यात 30 अंशांच्या आसपास असतं. रोहू, कटला, मृगळ, चिलापी यांना ते मानवतं. त्यांना नडते ती प्राणवायूची टंचाई. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. आमिष, खोली, वेळ, सगळं यावरून ठरवायचं.

«पहाटे चारला टाका.» शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात ही सगळ्यात वाईट वेळ. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर ओढतं. सूर्य उगवायच्या आधी साठा तळ गाठतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात आणि लोक म्हणतात, «बघा, खायला वर आलाय!» नीट बघा. खाणारा मासा वर येतो, गटकतो आणि वळून खाली जातो. पाण्यावर एक वर्तुळ उठतं, कधी शेपटीचा फटका बसतो. गुदमरलेला मासा तिथेच तरंगत राहतो, पाऊल वाजलं तरी पटकन बुडत नाही. त्याच्या तोंडापुढे काहीही धरा, तो घेणार नाही. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत बसा. कारंजं चालू असेल तर त्याच्या आसपासचं पाणी आधी बघा.

«मासा तळाशी असतो.» कुठला मासा? कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला दोन ते चार फुटांवर फ्लोट (दोरीवरचा तरंगता तुकडा) बांधून हलकं, पाण्यात विरघळत जाणारं आमिष लागतं. रोहू मधल्या थरातला, पण तळाच्या वर फूटभर टांगलेली गोळी घेतो. तळ उकरणारा खरा मृगळ. गांडूळ किंवा घट्ट गोळी त्याच्यासाठी. चिलापी काठालाच, तीन फुटांच्या आत. उथळ पाण्यात बशीसारखे खड्डे दिसले तर ती चिलापीची घरटी. नर तिथे राखण करतो. अंडी तोंडात घेतलेली मादी मात्र खात नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका.

तळावर टाकायचंच असेल तर आधी नुसतं शिसं टाकून ओढून बघा. त्याला काळा चिखल लागून आला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर त्या जागी तळाशी प्राणवायू नाही. कितीही चांगलं आमिष लावा, तिथे ते घ्यायला कोणी येत नाही. जागा बदला किंवा फ्लोट खाली सरकवून गळ वर घ्या.

«किलो-दोन किलो चारा ओता.» मुळीच नको. न खाल्लेलं पीठ गरम पाण्यात काही तासांत आंबतं, ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खातात. लहान तलावात हा सरळ गुन्हाच म्हणायला हवा. लिंबाएवढे चार-पाच गोळे पुरतात, तेही तासाभरात वाटून.

वासाचं म्हणाल, तर या माशांना वास आणि चव दोन्ही चांगली कळतात; ओठांवरसुद्धा चव कळते, म्हणून नको ते तोंडात घेऊन लगेच थुंकतात. हिंग, अत्तर, व्हॅनिला भसाभस ओतण्यापेक्षा गोळीचा पोत सांभाळा. दोन वाट्या कणीक, एक वाटी डाळव्याचं पीठ, एक वाटी शेंगदाण्याची पेंड कुटून चाळलेली. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. पेंड यापेक्षा वाढली की तेलामुळे गोळी फुटते. मग कापसाचे धागे मळावे लागतात. वाटाण्याएवढी गोळी ग्लासभर पाण्यात टाकून बघा: रोहू-मृगळासाठी ती पंधरा मिनिटं टिकावी, कटल्यासाठी सात-आठ मिनिटांत भुगा व्हावी. कटल्याचं पीठ म्हणूनच सैल ठेवायचं. उन्हात पीठ दोन-तीन तासांत आंबतं, तेव्हा निम्मंच मळून न्या. गळ चिलापीला 10 किंवा 12 नंबर, रोहूला 6 ते 8. मोठा नंबर म्हणजे लहान गळ, हे दुकानात विसरलं जातं.

नकली माशीबद्दलचा दावा मात्र अगदीच टाकाऊ नाही. ट्राउटच्या रंगीबेरंगी माश्या इथे बिनकामाच्या. पण गढूळ तलावांच्या चिखलात लाल अळ्या भरपूर असतात, मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्याच. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही तगतात. 14 नंबरच्या गळावर लाल धागा गुंडाळून केलेली साधी माशी, काठालगत हळूहळू ओढली, तर चिलापी घेते. पिसं, चमकी काही नको.

वाशी-बेलापूरच्या होल्डिंग पाँडना, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांना, यातलं काही लावू नका. तिथे खाडीचं पाणी येतं आणि मासाही वेगळा. गोड्या तलावावर आधी ठेका आणि परवानगी विचारा. येऊरच्या राष्ट्रीय उद्यानात तर गळ काढूच नका.