वायरलेस माउसने गेमिंग होत नाही म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यात म्हटलंय की वायरलेस माउसला लॅग (हात हलल्यावर स्क्रीनवर उशिरा दिसणं) असतोच, शेजारपाजारच्या वायफायने तो मध्येच अडकतो, ऐन मॅचमध्ये बॅटरी संपते, बॅटरीमुळे वजन वाढतं, म्हणून प्रो प्लेअर वायरचाच वापरतात. आणि तरी घ्यायचाच असेल तर सगळ्यात जास्त डीपीआय (माउस थोडा सरकवला की कर्सर किती पळतो तो आकडा) आणि ८००० हर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा जागा कळवणारा, घ्या, बाकी काही बघू नका. हे वाचून शाळा-कॉलेजातली पोरं घरी हट्ट करून भलताच माउस घेतात आणि मग नेम लागत नाही म्हणून स्वतःच्या खेळाला दोष देत बसतात, ते बघून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला लॅगचा, आणि यावर जरा जास्त बोलावं लागेल कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. वायरलेस म्हणजे एकच गोष्ट नसते. ऑफिसात मिळतो तो साधा वायरलेस माउस बहुतेक वेळा सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. ब्लूटूथवर पण साधारण तेवढंच, १२५-१३३. हा माउस घेऊन व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा गेम खेळलात तर फरक जाणवणारच, ती तक्रार खोटी नाही. पण गेमिंगचे वायरलेस माउस खेळताना ब्लूटूथवर अवलंबून नसतात, त्यांच्या सोबत स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) येतो आणि तो सेकंदाला १००० वेळा रिपोर्ट देतो, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला, वायरचे बहुतेक गेमिंग माउस देतात तितकाच. लॉजिटेकचा जी ९०० हे २०१६ मध्येच करत होता, पुढच्या वर्षी त्यांनी याला लाइटस्पीड नाव दिलं, रेझरने २०१९ मध्ये वायपर अल्टिमेट काढला. आता ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर जवळपास ७. चांगल्या वायरलेसमधला आणि वायरमधला फरक एखाद्या मिलिसेकंदाच्या आसपासचा आहे, आणि ज्याच्याकडे ६० चा मॉनिटर आहे त्याने माउसच्या वायरीवरून भांडण्यापेक्षा मॉनिटरसाठी पैसे साठवावेत, मी तरी कोणालाही हेच सांगेन.

काही माउसमध्ये ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही असतात आणि खाली बटण असतं. बरेच जण लॅपटॉपला ब्लूटूथने जोडतात, डोंगल डब्यातच राहतो, आणि मग म्हणतात की लॅग आहे. आधी ते बटण बघा.

दुसरा मुद्दा, वायफायमुळे अडकतो. यात तथ्य आहे पण दोष चुकीच्या जागी लावलाय. डोंगल आणि माउस गर्दी असलेलं चॅनेल सोडून दुसऱ्यावर जातात, हजारो मोबाईल असलेल्या स्टेडियममध्ये स्पर्धा होतात तिथेही हे माउस चालतात, मग तुमच्या बिल्डिंगमधल्या दहा-पंधरा राउटरने काय होणार. खरा घोटाळा असतो कॅबिनेटच्या मागे. यूएसबी ३ चे पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. आपण काय करतो, डोंगल मागच्या निळ्या (म्हणजे यूएसबी ३ च्या) पोर्टात खोचतो, शेजारी एक्स्टर्नल हार्डडिस्क, मध्ये अख्खा लोखंडी डबा, आणि पीसी टेबलाखाली. सिग्नल बिचारा येणार कुठून. उपाय अगदी स्वस्त आहे, यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या, बऱ्याच महागड्या माउसच्या बॉक्समध्ये ती असतेच, आणि डोंगल माउसपॅडच्या कडेला आणून ठेवा, वीसेक सेंटीमीटरवर. राउटर टेबलावर असेल तर दूर सरकवा आणि पीसी वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर जोडा. मग ब्राउझरमध्ये पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती रिपोर्ट देतो) तपासायची कुठलीही साइट उघडून माउस जोरात गोल फिरवा, आकडा १००० च्या आसपास राहिला तर काम झालं, सारखा खाली कोसळत असेल तर डोंगलची जागा बदलून परत बघा. माउस परत करण्याआधी एवढं तरी कराच.

बॅटरीचं. लॉजिटेकच्या पहिल्या सुपरलाइट या वायरलेस माउसला कंपनी ७० तास सांगते, रोज तीन तास खेळलात तरी तीन आठवडे. संपत आली तर चार्जिंगची वायर लावा, खेळ थांबत नाही, तोच माउस वायरचा होतो. आपल्याकडे जी ३०४ नावाने मिळतो तो (परदेशात हाच जी ३०५) एका डबल ए सेलवर चालतो आणि त्याला कंपनी २५० तास सांगते, त्याला वायर लावायची सोय नाही पण दुसरा सेल ड्रॉवरमध्ये ठेवला की अर्ध्या मिनिटाचं काम. रात्री लाइट गेली तरी याला फरक पडत नाही, गावाकडे हे महत्त्वाचं आहे. साधा अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो, लिथियमचा १५ चा, त्यामुळे लिथियमचा टाकला की माउस हातात हलका लागतो.

वजनावर वेळ घालवत नाही. जी ९०० चं वजन १०७ ग्रॅम होतं, २०१८ चा जी प्रो वायरलेस ८०, २०२० चा सुपरलाइट ६३ च्या आत, २०२४ चा वायपर व्ही ३ प्रो ५४. आणि वायरचा जी ५०२ हिरो १२१ ग्रॅमचा आहे. संपला विषय.

प्रो प्लेअर वायरचाच वापरतात हे तर कुठून आलं कळत नाही. काउंटर-स्ट्राइकचा सिंपल सुपरलाइटवर खेळलाय, व्हॅलोरंटच्या टेन्झच्या नावाने पल्सार कंपनीने वायरलेस माउस काढलाय, लीग ऑफ लेजंड्सच्या फेकरच्या नावाने रेझरच्या डेथॲडर व्ही ३ प्रोची एडिशन आली, तोही वायरलेसच. वायर वापरणारे आहेतच, त्यांना तेच जमतं, पण वायरलेसवर भरवसा नाही म्हणून सगळे वायरला चिकटलेत हे चित्र जुनं झालं.

आता डीपीआय, आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकवला की किती काउंट (हालचालीचे टप्पे) जातात. २६००० डीपीआयवर १९२० पिक्सेलच्या स्क्रीनच्या या टोकाहून त्या टोकाला जायला माउस दोन मिलिमीटरसुद्धा सरकवावा लागत नाही, त्यावर नेम कोण धरणार? ८०० वर तेच अंतर सहा सेंटीमीटर होतं. बहुतेक चांगले खेळाडू ४०० ते १६०० मध्येच असतात. त्यामुळे बॉक्सवरचा मोठा आकडा बघून पैसे मोजू नका, स्वस्त माउसमध्ये तर तो आकडा नुसता गुणाकार करून फुगवलेला असतो. सेन्सरचं (माउसची हालचाल वाचणाऱ्या चिपचं) नाव बघा, पिक्सआर्टचा ३३७० किंवा ३३९५, लॉजिटेकचा हिरो, यातलं काहीही पुरतं. सेन्सरचं नावच दिलं नसेल तर तो माउस सोडून द्या.

सेटिंग करताना डीपीआय ८०० वर ठेवा आणि बाकी सगळं गेममध्ये बदला. व्हॅलोरंटमध्ये ८०० ला सेन्सिटिव्हिटी ०.३५ ठेवली तर पूर्ण गोल फिरायला साधारण ४७ सेंटीमीटर लागतात, म्हणजे मागे वळून बघायला २३, यावरून कळेल की पॅड मोठा हवा आणि कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवायला लागणार. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) खेळत असाल तर व्हॅलोरंटचा आकडा ३.१८ ने गुणा, हात तोच राहतो. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन (हाताच्या वेगाप्रमाणे कर्सरचा वेग बदलणारं सेटिंग) बंद करा, माउसच्या सॉफ्टवेअरमधलं अँगल स्नॅपिंग (हाताची रेष आपोआप सरळ करणारं) बंद, आणि लिफ्ट ऑफ डिस्टन्स (किती उचलल्यावर माउस वाचणं थांबवतो) १ मिलिमीटर, म्हणजे माउस उचलून परत मध्ये ठेवताना नेम हलत नाही. मग दोन आठवडे त्याला हात लावू नका, रोज सेन्सिटिव्हिटी बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

८००० हर्ट्झचं पण बघू. १००० ला १ मिलिसेकंद, ८००० ला ०.१२५, कागदावर छान. पण ८०० डीपीआयवर सेकंदाला ८००० रिपोर्ट भरायचे तर हात सेकंदाला १० इंच वेगाने फिरायला हवा, सावकाश नेम लावताना दर रिपोर्टला पाठवायला काही नसतंच. वर प्रोसेसरवर ताण येतो, जुन्या पीसीवर गेम अडखळतो. आणि बॅटरीचं म्हणाल तर वायपर व्ही ३ प्रो १००० ला ९५ तास चालतो असं कंपनी सांगते आणि ८००० ला १७. २४० किंवा ३६० चा मॉनिटर आणि तगडा प्रोसेसर असेल तर करून बघा, बाकीच्यांनी १००० वर ठेवून निवांत खेळावं.

त्या मेसेजमध्ये जे आलंच नाही ते खरं महत्त्वाचं, आकार. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. १७ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर जी ३०४ सारखा ११६ मिलिमीटरचा माउस हातात बसतो, १९-२० असेल तर १२५ च्या आसपासचा हवा. तळवा पूर्ण टेकवून धरता की बोटं वाकवून, यावर उंचवटा कुठे हवा ते ठरतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जाऊन हातात धरून बघा, बाकी ठिकाणी मित्राचा पंधरा मिनिटं मागून घ्या. चुकीच्या आकाराचा भारी माउस बोटं आणि मनगट दुखवतो, त्याला कुठलंही सेटिंग कामी येत नाही.

आणि एक गोष्ट त्या मेसेजच्या बाजूने. बजेट हजाराच्या आत असेल तर वायरचाच घ्या, खरंच. त्या किमतीत वायरलेसवाले सेन्सर आणि रेडिओ दोन्हीत हात आखडतात, आणि वायरचा त्याच पैशात चांगला सेन्सर देऊ शकतो. वायर टेबलाच्या कडेला घासत असेल तर मॉनिटरच्या स्टँडला चिकटपट्टीने थोडी सैल बांधा. तीनेक हजारांपर्यंत गेलात की मग जी ३०४ सारखे पर्याय उघडतात, बिल आणि भारतातली वॉरंटी मात्र मागून घ्या, कारण डबल क्लिकचा (एकदा दाबलं की दोनदा क्लिक होण्याचा) त्रास बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाने सुरू होतो आणि तेव्हा बिलाशिवाय कोणी दारात उभं करत नाही.