चेटकिणीचा तबला

भुताचा सिनेमा बघताना घाबरलं की डोळ्यांवर हात ठेवता येतो. त्याच सिनेमाचं नुसतं संगीत ऐकायला बसलं की ती सोय जाते. कानात बोटं घालावीत, तर मग अल्बम लावला कशाला?

माझी शिफारस 'सस्पिरिया'ची. साल १९७७, दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो, संगीत 'गोब्लिन' या इटालियन रॉक बँडचं, कथा जर्मनीतल्या नृत्यशाळेत दडलेल्या चेटकिणींची. यातलं काही संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर ते मोठ्याने लावलं जायचं. इटलीत तेव्हा संवाद नंतर डब करत, त्यामुळे गोंगाटाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. म्हणूनच हे संगीत प्रसंगाच्या मापाने बेतलेलं वाटत नाही, ते ऐसपैस बसतं. 'सायको'चं (१९६०) बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यांवर केलेलं संगीत थोर खरंच, पण त्यातले बरेच तुकडे इतके छोटे आहेत की भीती अंगात भिनायच्या आत संपतात. 'सस्पिरिया' मुक्कामाला येतो.

पहिली चूक होते आवाजाची. शीर्षक-ट्रॅक सेलेस्टाच्या (घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो) किणकिणाटाने सुरू होतो आणि त्याच चालीवर कुणीतरी 'ला ला ला' कुजबुजतं. कुजबुज नीट ऐकू यावी म्हणून आपण आवाज वाढवतो. पुढे दुसऱ्या, 'विच' (चेटकीण) नावाच्या ट्रॅकमध्ये ढोल आणि किंकाळ्या सुरू झाल्या की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येतात. म्हणून आवाज आधी 'विच'वर बेतावा आणि मगच मागे येऊन सुरुवात करावी. अ‍ॅपमधली सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय बंद ठेवावी. ती चालू राहिली तर कुजबुज आणि ढोल यांच्यातलं अंतर मरतं आणि सगळी भीती कुकरमधल्या गरगट भातासारखी एकजीव होते. शफल बंद. ऑटोप्ले तर आठवणीने बंद. नाहीतर अ‍ॅपला वाटतं आपल्याला हेच आवडतं, आणि सकाळी भूपाळीनंतर ते किंकाळ्या वाजवतं.

स्पीकर वापरणार असाल तर दोघांमध्ये सहा फूट आणि आपण दोघांपासून तितकेच लांब. भिंतीला चिकटवू नयेत, फूटभर जागा सोडावी. चिकटवले की खर्ज फुगतो आणि शोकेसमधले काचेचे ग्लास बारीक थरथरू लागतात. ही थरथर इतकी चपखल बसते की बराच वेळ ती गोब्लिनचीच कल्पकता वाटते. शंका आली तर ग्लासवर बोट ठेवून पाहावं. फ्रिजचं गुणगुणणंही असंच फसवतं. त्यावर उपाय म्हणजे गाणं थांबवणं. गुणगुण थांबली तर गोब्लिन, चालू राहिली तर फ्रिज.

हेडफोन लावले तर दारावरची बेल ऐकू येत नाही, आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवणारा माणूस घरचाच आहे हे कळायला अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद अल्बमच्या किमतीत धरावा.

मराठी कानाला खरा दगा होतो तो तबल्याचा. हो, या अल्बममध्ये तबला आहे. गोब्लिनच्या बास गिटारवाल्या फाबिओ पिन्यातेल्लीने वाजवलेला, शेजारी बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य. तबला ऐकला की आपण निर्धास्त होतो, आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटतं. मान समेची वाट बघू लागते आणि दाद द्यायला तोंड उघडावं, तर एक घोगरा आवाज 'विच' म्हणून जातो. मैफलीत इतकी वाईट दाद दुसरी नाही.

आणखी एक ट्रॅक 'साइज' (Sighs), म्हणजे उसासे, आणि सस्पिरिया या लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. हा ट्रॅक स्पीकरवर लावायचा असेल तर घरच्यांना आधी सांगावं, नाहीतर "कुणाला धाप लागलीय का?" अशी चौकशी होते. त्यात गिटार इतक्या तावातावाने खाजवल्या आहेत की प्रश्न रास्तच आहे. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'ब्लाइंड कॉन्सर्ट' या ट्रॅकमध्ये बास असा काही ठेका धरतो की पाय हलतोच. तो हलू द्यावा, अंधारात कोण बघतंय, असं म्हणणार होतो, पण नको.

शेवटी 'डेथ व्हाल्झर', पियानोवरचा छोटासा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायची चाल. वाटतं, सुटलो. इथे घाईने उठू नये. खोलीत पूर्ण शांतता असते. मग स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर खटकन बंद होतो, आणि तेव्हा कळतं की इतका वेळ शांतता नव्हतीच.