‘ओलं लाकूड घरातच सुकतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोकणातल्या गावागावांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आपल्या आजोबांनी झाड तोडलं की ते लगेच घराला लागायचं, आणि ती घरं आजही उभी आहेत. झाड अमावास्येला तोडा, महिनाभर खाडीत टाका, पंधरा दिवस उन्हात ठेवा आणि बांधायला घ्या. उरलेली ओल घर बांधल्यावर आपोआप जाते.’ बागेत ओंडक्यांचं कॉटेज बांधून पर्यटकांना द्यायच्या तयारीत असलेली मंडळी हा मेसेज विश्वासाने पुढे पाठवतात. त्यात त्यांचे पैसे आणि मोठी झालेली झाडं, दोन्ही वाया जातील, म्हणून लिहितो आहे.

आधी आजोबांचं घर, कारण मेसेजचा सगळा भार त्यावरच आहे. त्या घरात खांब उभे असतात, त्यावर तुळई, वर आढं आणि वासे. भिंत चिऱ्याची नाहीतर मातीची. लाकूड सुकताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे खांब थोडा ओला असला तरी बारीक होतो, बुटका होत नाही, आणि छप्पर जागच्या जागी राहतं. ओंडक्यांच्या घराचं उलट आहे. तिथे भिंत म्हणजे एकावर एक आडवे रचलेले ओंडके. प्रत्येक ओंडका आकसला की सगळी भिंत खाली बसते. ओल्या ओंडक्यांची भिंत दर फुटाला साधारण अर्धा इंच बसते असं धरतात, म्हणजे ९ फुटांच्या भिंतीला साडेचार इंच. दाराची चौकट मात्र उभी, ती तसूभरही कमी होत नाही. मग वरचे ओंडके चौकटीवर टेकतात, दार अडकतं आणि बाजूच्या सांध्यांत फटी पडतात. त्या फटींतून आषाढातला पाऊस थेट आत येतो. जुन्या घराचा दाखला या घराला लागूच होत नाही.

अमावास्येचं फार बोलायला नको. झाडातलं पाणी एका रात्रीत उतरत नाही. पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात तोडण्याला मात्र अर्थ आहे: हवा कोरडी होत जाते आणि बुरशीचा जोर कमी असतो.

खाडीत टाकण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी. पाण्यात ठेवलं की सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातली साखर आणि पिष्ट धुऊन जातं, त्यामुळे भुगा पाडणारा किडा कमी लागतो. आपल्याकडे बांबू याचसाठी भिजवतात. त्याने लाकूड सुकत नाही. उलट खाऱ्या पाण्यातलं मीठ आत राहतं, पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं आणि खिळे गंजवतं. शिवाय खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. होडीवाल्यांना ते सांगायला नको. भिजवायचंच तर गोड्या पाण्यात भिजवावं.

पंधरा दिवसांचं ऊन हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. चैत्रातल्या उन्हात वरचा थर भराभर सुकून आकसू पाहतो, आतला गाभा ओला आणि फुगलेलाच असतो, तो वरच्याला आकसू देत नाही. मग तडे जातात. ऐनाच्या झाडाचं लाकूड तर हमखास फुटतं. साग कमी आकसतो, म्हणून त्याला सुकवायची गरज नाही असं अनेक जण समजतात. पण ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवतीची साल आणि पांढरं लाकूड कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत, मगच तोडत.

चिरून फळ्या-तुळया काढलेलं लाकूड सुकायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा ढोबळ हिशोब. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सुकणं जवळपास थांबतं, हेही त्यात धरा. थप्पी जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवायची, थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या एकाखाली एक द्यायच्या, वर छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या. टोकांना तोडल्या दिवशीच घट्ट रंग किंवा मेण लावायचं, कारण टोकातून पाणी फार वेगाने जातं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत बुरशी धरेल. भट्टीत सुकवलेलं लाकूडही श्रावणात उघड्यावर टाकलं तर पुन्हा ओल धरतं.

‘घरात आपोआप सुकतं’ हे खरंच आहे. सुकतं, पण पिळून, वाकून आणि भेगाळून. आमच्या माजघराला फणसाची ओली चौकट वैशाखात बसवली होती. दोन वर्षांत ती अशी पिळली की कडी कोयंड्यात जाईना. ओल्या लाकडावर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात, ते वेगळंच.

लाकूड सुकलं का, हे घरीच तपासता येतं. टोकापासून हातभर आतला छोटा तुकडा कापून लगेच वजन करा. मग शंभर अंशांच्या किंचित वर ओव्हनमध्ये ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. १३० ग्रॅमचा तुकडा १०० वर थांबला तर ओल ३० टक्के, म्हणजे आकसणं अजून पुढेच आहे. आपल्या किनाऱ्यावर उघड्या हवेत १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरलं की तुळई-वाशांना हात घालावा. दारं-खिडक्यांना आणखी सुकं हवं.

जाड ओंडका गाभ्यापर्यंत सुकायला अनेक वर्षं लागतात, तेवढं कोणी थांबत नाही. ज्यांनी ओंडके आणूनच ठेवले आहेत त्यांनी निदान दोन उन्हाळे थप्पी लावावी, प्रत्येक ओंडक्याच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूला गाभ्यापर्यंत एक खाच करवतीने घ्यावी म्हणजे भेग तिथेच जाते, आणि दारा-खिडक्यांच्या चौकटींवर चार-पाच इंच जागा मोकळी ठेवून ती नुसत्या फळीने झाकावी. मिस्त्री ती जागा पक्की बुजवायला निघेल. त्याला बुजवू देऊ नका.