तुमचा किती मिलिमीटर?

अंथरुणात कूस बदलली आणि छत गरगरत भिंतीवर उतरलं. कानातले खडे सुटले होते. हो, कानात खडे असतात, तुमच्याही आहेत. कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. आतल्या कानात एका बुळबुळीत पडद्यावर ते रुतून बसतात आणि आपण ताठ आहोत की कलंडलोय हे मेंदूला कळवतात. तिथून निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की मान वळवायची खोटी, जग फिरू लागतं. मिनिटभरात थांबतं, पण ते मिनिट ज्याचं त्यालाच ठाऊक.

तर दवाखान्यात डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी मान धरून मी बसलो होतो. शेजारी एक काका. तब्येत ठणठणीत, काकूंना दाखवायला आलेले.

"काय होतंय?"

"खडे सुटलेत."

काकांचा चेहरा उजळला. खिशातून त्यांनी एक इवलीशी बाटली काढली आणि माझ्या नाकासमोर खुळखुळवली. आत पिवळसर खडा, अंगभर अणकुचीदार टोकं.

"सात मिलिमीटर. ऑपरेशनशिवाय पडला. तपासून घेतलाय, कॅल्शियम ऑक्झलेट. त्यातही वेडेलाइट! अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्र आहे ना, त्याच्या तळच्या गाळात सापडतं हे खनिज. आणि इथे!" त्यांनी कमरेवर थाप मारली. "तुमचा किती मिलिमीटर?"

"एकाचा शंभरावा भाग. पण पुष्कळ आहेत. कानात."

काकांनी बाटली सावकाश खिशात घातली. दागिना दाखवताना समोरच्याने कथलाची अंगठी पुढे करावी, तसे ते बघत होते. मग मोठ्याने, "अगं, यांच्या कानात वाळू गेलीय." आणि मला धीर देत, "पाणी भरपूर प्या. पडून जातील."

"कानातून?"

"कुठून का होईना!"

मला राग आला तो याचाच. मुतखडेवाल्याला सोनोग्राफी असते, आकडा असतो, बाटली असते. आमच्याकडे काय? एमआरआय केला तरी नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात झोप पुरत नसेल, कचेरीतले म्हणतात ताण घेऊ नका, आणि रजेच्या अर्जावर साहेब 'चक्कर' हा शब्द दोनदा वाचतात. अरे, शिंपल्यात याच कॅल्शियम कार्बोनेटचा मोती होतो तर तुम्ही गळ्यात घालता! चिखलातले काही जिवाणू पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकी खनिजाचे, कण ओळीने मांडून होकायंत्र बनवतात. १९७५ साली ब्लेकमोर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ते जगापुढे आणले तेव्हा केवढं कौतुक झालं. खडकावर चरणारा कायटन नावाचा मऊ प्राणी तर त्याच मॅग्नेटाइटचे दात उगवतो. आणि मी, एवढा मेंदूवाला, स्वतःच्याच कारखान्यातल्या भुकटीमुळे भिंत धरून न्हाणीघरात जातो.

आत डॉक्टरांनी मला पलंगावर बसवलं, मान वळवली आणि काही कळायच्या आत धाडकन उताणं पाडलं. डोकं कडेबाहेर लोंबतंय. "डोळे मिटू नका!" बुबुळं आपोआप नाचत होती, तीच त्यांना बघायची होती. मग मान दुसरीकडे, मग अख्खा मी कुशीवर, मग उठवून बसवलं. ही एप्ली नावाच्या अमेरिकन कानाच्या डॉक्टरांची युक्ती. तिच्यावर कितीतरी वर्षं बऱ्याच डॉक्टरांचाच विश्वास नव्हता, निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. म्हणजे आमची थट्टा करण्यात तज्ज्ञही मागे नव्हते. औषध नाही, टोचणं नाही, पाच-दहा मिनिटांत खेळ खलास. बिल मात्र पूर्ण.

बाहेर काका वाटच बघत होते.

"पडला?"

"नाही. परत आत, जागेवर बसवलेत."

"परत आत? म्हणजे काढले नाहीत?" ते खरोखर हादरले. माझ्या हातातली पावती घेऊन तिच्या मागे त्यांनी घाईघाईने एक नाव आणि नंबर लिहिला. "इकडे जा. सांगा मी पाठवलंय. मुळापासून काढतात."

मूत्रविकारतज्ज्ञ.