'महाराजांचा दंड परत आणा' म्हणणाऱ्यांना

बडोद्यात दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत आपल्या मराठी ग्रुपांवर शाळा उघडल्यापासून एक मेसेज फिरतोय. 'सयाजीमहाराजांच्या राज्यात मूल शाळेला गेलं नाही तर बापाला दंड व्हायचा. तो कायदा परत आणा, महिन्याभरात वर्ग भरतील. आजच्या आईबापांना पर्वाच नाही, झोपडपट्टीत तर मुळीच नाही. आणि ज्याचं मूल दांडी मारतं, नुकसान त्याचंच!' महाराजांचा अभिमान मलाही आहे. पण वीस वर्षं रोज हजेरी घेतल्यावर हा मेसेज पुढे पाठवायला हात धजत नाही.

दंड होता, हे खरं. पण त्याच्या आजूबाजूला काय होतं? १८९३ साली अमरेली आणि आसपासच्या नऊ गावांत सक्ती सुरू झाली आणि सगळ्या राज्यात लागू व्हायला १९०६ उजाडलं. शिक्षण मोफत होतं. सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह निघालं. पुढे फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी गेल्या. मेसेज लिहिणाऱ्याला यातला दंडच तेवढा आठवला.

'कायदा परत आणा' म्हणायचं, तर कायदा आहेच. शिक्षणहक्काचा, २००९ चा. त्यात पालकाचं कर्तव्य सांगितलंय, दंड नाही. सक्ती आहे ती सरकारवर: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचं नाव घालायचं, ते रोज येतंय ना हे बघायचं आणि त्याचं शिक्षण पुरं करायचं. आपण नाव घालण्यापाशीच थांबलो. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशभरच्या पाहणीत २०२२ साली ग्रामीण भागातली या वयाची ९८.४ टक्के मुलं पटावर होती. सरकारी प्राथमिक शाळांत पाहणीच्या दिवशी हजर मात्र शंभरातली साधारण ७३.

आता 'पर्वा नाही' याबद्दल. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. हजेरीपत्रकात तिची ओळ बघितली की खाडे सलग नाही, पण ठरावीक अंतरावर दिसतात: दर शुक्रवार. आई त्या दिवशी बाजारात जुने कपडे घेऊन बसते, धाकटा भाऊ हिच्या कडेवर. वर्षाचे २२० दिवस धरले तर हे छत्तीसएक दिवस होतात. दहा टक्क्यांच्या, म्हणजे २२ च्या वर गेले की शाळा बुडण्याची सवय लागली असं मानतात. हातच्याची वजाबाकी मी एका शुक्रवारी शिकवली. तेव्हापासून ती ५२ वजा १७ बरोबर ४५ लिहिते. सातातून दोन, पाचातून एक. तिच्या हिशेबाने सगळं सरळ आहे. आईला दंड केला तर ती तो भरणार कुठून? आणखी एक शुक्रवार बाजारात बसून. त्यापेक्षा भावाला शाळेतल्या बालवाटिकेत, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात, बसवून घेऊ, असं आम्ही ठरवलं. नियमात बसतं की नाही, विचारलं नाही. खाडे निम्म्यावर आले.

'झोपडपट्टीत' या शब्दावर फार लिहीत नाही. हा मेसेज मला ज्या काकांनी पाठवला, त्यांचा नातू अकरावीत आहे. नाव शाळेच्या पटावर, मुलगा दिवसभर कोचिंगमध्ये. त्याला कोणी दांडी म्हणत नाही, तयारी म्हणतात.

राहिलं 'नुकसान त्याचंच'. शनिवारी सकाळची शाळा असते. मी फळ्यावर हातचा पुन्हा मांडते, कारण ती एकटीच मागे नसते. आणखी सहा-सात जणांचे वेगवेगळ्या वारांचे खाडे असतात. कोणी लग्नाला गेलेलं, कोणी गावाकडे कापणीला. ज्यांना हातचा आधीच आला आहे ती तीसेक मुलं तोवर नुसती बसून असतात. खिडकीजवळची दोघं तर वहीही उघडत नाहीत. गेल्या शनिवारी त्यातला एक आला नाही. घरी विचारायला गेले तर म्हणाला, "बेन, तेच तर शिकवणार होता ना?"