सगळ्यांनी आतडी तपासायला धावू नका

'जन्मतः दात कमी असतील तर मोठं आतडं तपासून घ्या' हा एका लेखातला सरसकट सल्ला दंतवैद्य म्हणून मला खटकला. अक्कलदाढ न आलेली माणसंही आता घाबरतील! अक्कलदाढ या मोजणीत धरतच नाहीत. पुढच्या दोन मोठ्या दातांशेजारचा एखादा दात किंवा खालची उपदाढ मुळातच तयार न होणं बऱ्याच घरांत दिसतं. तेवढ्यावरून पोटाची काळजी करायचं कारण नाही.

ही चर्चा सुरू झाली ती २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, फिनलंडमधल्या एका कुटुंबाच्या अभ्यासावरून. त्यातल्या ११ जणांचे किमान ८ कायमचे दात आलेच नव्हते आणि त्यांपैकी ८ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा त्याआधीच्या गाठी आढळल्या. दोष निघाला अ‍ॅक्सिन-२ या जनुकात. पेशींना 'वाढा' असं सांगणाऱ्या एका संदेशाला हे जनुक लगाम घालतं. गर्भात दातांचे अंकुर त्याच संदेशावर घडतात, आतड्याचं अस्तरही त्यावरच सतत नवं होत राहतं. म्हणून बिघाड दोन्हीकडे.

पण एमएसएक्स-१, पॅक्स-९ अशा इतर जनुकांमुळेही दात येत नाहीत. अ‍ॅक्सिन-२ त्यात विरळाच. अक्कलदाढा सोडून ६ किंवा जास्त दात नसतील आणि घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) झाला असेल, तर मात्र पोटविकारतज्ज्ञांना दातांचंही आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.