स्काल्स्की वळिवड्यात कधी नव्हताच

आमच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेलं एक फॉरवर्ड आता तिच्या नातवाच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरलंय, म्हणून हा खटाटोप. विषय दुसऱ्या महायुद्धातला पोलंडचा लढाऊ वैमानिक स्तानिस्वाव स्काल्स्की. फॉरवर्ड म्हणतं: पोलंडचं हवाई दल पहिल्याच सकाळी जमिनीवर खलास झालं, स्काल्स्की न लढता इंग्लंडला पळाला, तिथे त्याने शंभर विमानं पाडली, मध्यंतरी तो कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहून गेला आणि युद्ध संपल्यावर मायदेशाने त्याला डोक्यावर घेतलं.

वळिवड्याचं आधी उरकतो. तिथली पोलिश निर्वासितांची छावणी खरी, १९४३ पासूनची. पण तिथे होत्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललेली आणि इराणमार्गे आलेली. १९४३ च्या वसंतात स्काल्स्की ट्युनिशियात लढत होता. कोल्हापूरचा अभिमान मलाही आहे, पण म्हणून कुणालाही आपल्या गावात आणून बसवायचं?

शंभर विमानं? युद्धानंतर पोलिश हवाई दलातले अधिकारी येझी बायान यांच्या समितीने कुठल्या पोलिश वैमानिकाने किती विमानं पाडली याची यादी केली. तीत स्काल्स्की पहिला आहे आणि त्याच्या नावावर १८ पूर्णांक ११/१२ विमानं आहेत. होय, अपूर्णांक. एक विमान दोघातिघांनी मिळून पाडलं तर श्रेयाचेही तुकडे व्हायचे. बाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवणाऱ्यांच्या यादीतल्या अव्वल माणसाचा हा आकडा आहे. फॉरवर्डवाल्याने तो सरळ पाचपट केला.

‘जमिनीवर खलास’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १ सप्टेंबर १९३९ ला विमानतळांवर बॉम्ब पडले आणि विमानं जळालीही. पण ती बहुतेक प्रशिक्षणाची नाहीतर नादुरुस्त होती. लढाऊ तुकड्या आधीच आडबाजूच्या धावपट्ट्यांवर हलवल्या होत्या. त्यांची पी-११ विमानं जुनाट होती, उघड्या कॉकपिटची, चाकं आत न जाणारी, काही जर्मन बॉम्बफेकी विमानांपेक्षाही हळू. त्यांनिशी हे लोक लढले. त्याच दिवशी पाडलेल्या एका जर्मन टेहळणी विमानाशेजारी स्काल्स्कीने आपलं विमान उतरवलं आणि जखमी शत्रूंची मलमपट्टी केली. दुसऱ्या दिवशी दोन जर्मन डॉर्नियर बॉम्बफेकी विमानं पाडली. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्यावर वैमानिकांना रुमानियात जाण्याचा हुकूम सुटला. हुकुमाने जाणाऱ्याला आपल्याकडे पळपुटा कधीपासून म्हणायला लागले?

आणि आता ते ‘डोक्यावर घेतलं’. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे, कारण यात एका माणसाचा छळ पुसून टाकलाय.

स्काल्स्की १९४७ मध्ये पोलंडला परतला. ब्रिटनमध्ये राहता आलं असतं. तिथल्या हवाई दलाच्या ६०१ स्क्वाड्रनचं, म्हणजे लढाऊ तुकडीचं, नेतृत्वही त्याने केलं होतं. जून १९४८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने त्याला अटक केली. आरोप पाश्चात्त्यांसाठी हेरगिरीचा. चौकशीत मारझोड झाली आणि एप्रिल १९५० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. १९४० च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या आकाशात लढताना भाजून निघालेला हा माणूस आता स्वतःच्याच सरकारच्या फाशीची वाट बघत वॉर्सात कोठडीत बसला होता. पुढे शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९५६ मध्ये सुटका झाली. यांच्या लेखी हा सत्कार!

सुटल्यावर त्याला हवाई दलात परत घेतलं आणि १९८८ मध्ये तो जनरलही झाला, हे खरं. कुणी तेवढंच उचलून दाखवणार असेल तर त्याने श्चेपान श्चिबोरचंही नाव घ्यावं. तोही ब्रिटनमधून परतलेला, बॉम्बफेकी विमानांवर लढलेला, पोलंडमधल्या देंब्लिनच्या वैमानिकी शाळेचा प्रमुख. त्याच्यावरही हेरगिरीचाच आरोप. ७ ऑगस्ट १९५२ ला त्याला देहदंड दिला आणि १९५६ मध्ये निर्दोष ठरवलं.